पत्राच्या तळाशी चार ओळी

आमची कंपनी नाशिकला, सातपूर एमआयडीसीत. पाणी शुद्ध करायची यंत्रं बनवते. गिऱ्हाईक म्हणजे बहुतेक ग्रामपंचायती आणि जिल्हा परिषदा, थोड्या खासगी शाळा. मेलची खाती ४२. सर्व्हर आमचा स्वतःचा, पोस्टफिक्स या मेल पाठवणाऱ्या प्रोग्रॅमवर चालणारा, आणि गेली ९ वर्षं तो मी सांभाळते.

२०२४ च्या जूनमध्ये वार्षिक कामासाठी सीएस (कंपनी सेक्रेटरी) मॅडम आल्या. त्यांनी माझ्यासमोर आमच्याच तीन मेलांच्या छापील प्रती ठेवल्या. तिन्हींच्या तळाशी लाल पेनानं गोल केला होता आणि गोलात काहीच नव्हतं. "हेच दाखवायचं होतं तुम्हाला," त्या म्हणाल्या. "इथे सीआयएन हवा."

कंपनी कायदा २०१३ चं कलम १२ त्यांनी वाचून दाखवलं. कंपनीच्या प्रत्येक व्यावसायिक पत्रावर, बिलावर, नोटिशीवर कंपनीचं नाव, नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता, सीआयएन म्हणजे कंपनीचा ओळख क्रमांक, फोन, ईमेल, वेबसाइट असेल तर ती, फॅक्स असेल तर तो, एवढं छापलेलं असलं पाहिजे. चूक राहिली तर दिवसाला १,००० रुपये, कमाल १ लाखापर्यंत दंड. लेटरहेडवर हे सगळं होतंच. पण मॅडमचं म्हणणं असं, की लेटरहेडवर आता वर्षाला वीस पत्रं जातात, बाकीचा सगळा व्यवहार मेलवर. मग व्यावसायिक पत्र कशाला म्हणायचं? मला ते तंतोतंत पटलं.

साहेब म्हणाले, "सगळ्यांना सही बदलून घ्यायला सांग की." तो प्रयोग मी पूर्वी केला होता. ४२ जणांपैकी १७ जणांनी सही बदलली, आणि त्यातल्याही निम्म्यांनी फक्त ऑफिसच्या संगणकावर. फोनवरून पाठवलेल्या मेलला फोनची सही वेगळी असते, हे कुणाच्या लक्षात राहत नाही. म्हणजे काम सर्व्हरवरच करायला हवं होतं: मेल बाहेर पडताना तळाशी चार ओळी आपोआप लागल्या पाहिजेत. मी पंधरा दिवस मागून घेतले. प्रत्यक्षात साडेतीन महिने लागले, आणि या साडेतीन महिन्यांत मेल म्हणजे काय असतं ते मी पहिल्यांदा नीट पाहिलं असं म्हणेन.

सुरुवात सोपी वाटते. पोस्टफिक्सला सांगता येतं, की आलेलं मेल पुढे पाठवण्याआधी अमुक एका प्रोग्रॅमच्या हाती दे. तो प्रोग्रॅम मेल वाचतो, बदलतो, आणि सेंडमेल कमांडनं पुन्हा पोस्टफिक्सच्या रांगेत टाकतो. ऑल्टरमाइम नावाचं तयार साधन यासाठी पुष्कळ जण वापरतात. माझ्या अटी मात्र जरा वेगळ्या होत्या. ऑफिसमधल्या ऑफिसमध्ये जाणाऱ्या मेलला काही लावायचं नव्हतं आणि तळटीप मराठीतही हवी होती. शिवाय आत नेमकं काय घडतं ते मला डोळ्यांनी बघायचं होतं, म्हणून स्क्रिप्ट मीच पायथनमध्ये लिहिली.

पहिली चूक चाचणीच्या सर्व्हरवरच सापडली, हे बरं झालं. फिल्टरची ओळ मी मुख्य कॉन्फिग फाइलमध्ये टाकली होती. त्यामुळे स्क्रिप्टनं परत टाकलेलं मेलही पुन्हा फिल्टरकडेच जायचं. तिथून परत रांगेत, रांगेतून परत फिल्टरकडे. पोस्टफिक्स मेलच्या माथ्यावरचे ५० रिसीव्हड हेडर, म्हणजे प्रत्येक टप्प्यावर पडणाऱ्या नोंदी, मोजतं आणि मग मेल फिरत राहिलंय असं समजून परत पाठवतं. तसं ते परत आलं, तळाशी तळटिपांचा ढीग घेऊन. फिल्टर लावायची खरी जागा मास्टर फाइलमधल्या सबमिशनच्या नोंदीखाली आहे, म्हणजे ५८७ क्रमांकाच्या पोर्टावर, जिथून आमची माणसं पासवर्ड देऊन मेल पाठवतात. मग बाहेरून आत येणारं मेल फिल्टरकडे जातच नाही. दुसऱ्याच्या पत्राखाली आपला सीआयएन चिकटवण्याचा अधिकार कुणी दिला आपल्याला?

जुलैच्या पहिल्या आठवड्यात मी ते चालू केलं. इंग्रजीत लिहून पाहिलं, मराठीत लिहून पाहिलं, वेबमेलवर पाहिलं, फोनवर पाहिलं. सगळं ठीक दिसलं.

चौथ्या दिवशी एका जिल्हा परिषदेच्या पाणीपुरवठा विभागातल्या कनिष्ठ अभियंत्यांचा फोन आला. "मॅडम, तुमचं पत्र उघडलं, पण खाली काळे चौकोन नि प्रश्नचिन्हं आलीत. व्हायरस-बियरस नाही ना?" पत्र आमच्या विक्री विभागातल्या दादांनी मराठीत लिहिलेलं होतं. त्याच दादांनी त्याच दिवशी त्यांनाच पाठवलेलं दुसरं पत्र मात्र स्वच्छ होतं. फक्त त्याला तळटीपच नव्हती. एकाच संगणकावरून, एकाच माणसाला, एकाच दिवशी गेलेली दोन पत्रं, आणि दोन्ही वेगळ्या तऱ्हेनं बिघडलेली. रात्री साडेदहापर्यंत मी ती दोन मेलं कच्च्या रूपात शेजारी-शेजारी ठेवून बसले होते.

इथे थोडं खोलात जाते, कारण मराठीत मेल लिहिणाऱ्या प्रत्येकाचा याच्याशी संबंध आहे. ईमेलची मूळ व्यवस्था रोमन अक्षरांपुरती होती. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह, मग ते व्यंजन असो, काना असो की हलन्त, यूटीएफ-८ या अक्षर-संकेतात ३ बाइट घेतं. "नमस्कार" या शब्दात अशी ७ चिन्हं आहेत, म्हणजे २१ बाइट. हे बाइट जुन्या सर्व्हरांमधून सुखरूप जावेत म्हणून त्यांना साध्या रोमन अक्षरांचा वेष चढवतात, आणि त्याच्या दोन पद्धती आहेत. एक कोटेड-प्रिंटेबल, तिच्यात एका बाइटची ३ अक्षरं होतात, म्हणजे "नमस्कार"ची ६३. दुसरी बेस-६४, तिच्यात ३ बाइटांची ४ अक्षरं, म्हणजे २८. साहजिकच मराठी मजकूर दिसला की पुष्कळ मेल प्रोग्रॅम बेस-६४ निवडतात. इंग्रजी मेल मात्र आहे तसंच, उघड्या अक्षरांत जातं. कच्चं मेल पाहायची सवय झाली, की मराठी मेल एका नजरेत ओळखू येतं: देवनागरी अक्षरांनी सुरू होणाऱ्या मजकुराचा पहिला गट नेहमी ४ आणि मोठा के यांनीच सुरू होतो. मला ते आता ओळखीच्या हस्ताक्षरासारखं वाटतं.

माझी स्क्रिप्ट काय करत होती? मजकुराच्या शेवटी जाऊन तळटीप तशीच, उघड्या अक्षरांत जोडत होती. म्हणजे वेष चढवलेल्या मजकुराच्या शेपटीला बिनवेषाच्या ओळी. पलीकडचा प्रोग्रॅम तो सगळा भाग बेस-६४ समजूनच उलगडायला घेतो. मराठी ओळी त्याच्या वर्णमालेत बसत नाहीत, त्या तो गाळतो. पण सीआयएन, वेबसाइट, ईमेल पत्ता यांतली रोमन अक्षरं त्याला खरी वाटतात, आणि ती उलगडली की निघतो नुसता कचरा. तेच काळे चौकोन.

मग दुसऱ्या पत्रात काहीच का दिसलं नाही? कारण बेस-६४ तीन-तीनचे गट करतं. मूळ मजकुराच्या बाइटांना तीननं पूर्ण भाग जात नसेल, तर शेवटी बरोबरचं चिन्ह टाकून गट भरतात, आणि ते चिन्ह दिसलं की पुष्कळ प्रोग्रॅम "संपलं" असं समजून तिथेच थांबतात. म्हणजे भाग गेला तर कचरा, नाही गेला तर तळटीप गायब. त्या दोन पत्रांचं शेवटचं वाक्य एकच होतं आणि एकात पूर्णविराम जास्तीचा होता. मी चाचणीला पाठवलेली मराठी मेलं आमच्या वेबमेलवरून गेली होती, आणि आमचं वेबमेल बेस-६४ वापरतच नाही.

इंग्रजी मेलांतही एक तिढा निघालाच. काही मेलांच्या माथ्यावर "हा मजकूर शुद्ध अ‍ॅस्की आहे" अशी नोंद असते; अ‍ॅस्की म्हणजे फक्त साधी रोमन अक्षरं. तिच्याखाली देवनागरी जोडली की ती नोंद खोटी ठरते, आणि मराठीच्या जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेल्या रोमन ए ची रांगच्या रांग दिसते. दहा-पंधरा वर्षांपूर्वी मराठी मेल उघडलेल्या कुणालाही ती रांग ठाऊक असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फिल्टर बंद केला आणि स्क्रिप्ट मुळापासून लिहिली. आता ती मेलचा मजकुराचा भाग आधी उलगडते, खऱ्या अक्षरांत तळटीप जोडते, सगळं यूटीएफ-८ मध्ये करते आणि मग पुन्हा नीट वेष चढवून बंद करते. पायथनच्या ईमेल लायब्ररीत मजकुराचा भाग शोधून देणारी सोय आहे, ती न वापरता मी आधी "पहिला टेक्स्टचा भाग" असं शोधत होते. त्यानं एकदा मशीनची नोंदवही म्हणून जोडलेल्या टेक्स्ट फाइलच्या शेवटीच आमचा पत्ता छापला. जोडपत्राला हात लावायचा नाही, हा नियम तेव्हापासून स्क्रिप्टच्या अगदी माथ्यावर आहे.

साध्या मजकुराचा नि एचटीएमएलचा असे दोन भाग असतील तर दोन्हींत तळटीप घालावी लागते. एचटीएमएलमध्ये ती बॉडी बंद होण्याआधी, आणि बॉडी बंद करणारी खूणच नसेल तर शेवटी.

ऑगस्टमध्ये खरेदीचे दादा वैतागून आले. कोइमतूरच्या एका पंप पुरवठादाराला पाठवलेली ऑर्डर ४ दिवस त्याच्या स्पॅममध्ये पडून होती. बाकी सगळ्यांना मेल मिळत होतं, त्याला एकट्यालाच नाही. त्याच्याकडून हेडर मागवले तेव्हा कळलं, की त्याच्या कंपनीचं मेल आपोआप त्याच्या जीमेलवर जातं. आणि तिथे जीमेलनं स्पष्ट लिहिलं होतं: डीकेआयएम नापास, मजकुराचा हॅश जुळत नाही.

डीकेआयएम ही सर्व्हरनं पत्रावर मारलेली मोहोर. मजकुराचा एक आकडा काढून तो सहीत बांधलेला असतो. नंतर एक अक्षर जरी बदललं तरी आकडा जुळत नाही. आमच्याकडे ही सही ओपनडीकेआयएम करतं, आणि ते मेल सर्व्हरच्या दारातच उभं असतं. माझा फिल्टर मात्र त्यानंतर, रांगेत. म्हणजे महिनाभर आम्ही पत्र मोहोरबंद करत होतो, मग मोहोर तोडून चार ओळी लिहीत होतो आणि तसंच पाठवत होतो. इतरांना ते मिळत होतं कारण थेट जाणारं मेल एसपीएफवर, म्हणजे ते आमच्याच सर्व्हरवरून आलंय का या तपासणीत, पास व्हायचं. मेल पुढे वळवलं की एसपीएफही टिकत नाही, आणि आमचं डीमार्क धोरण, म्हणजे दोन्ही तपासण्या नापास झाल्या तर काय करावं याची सूचना, "संशयित समजा" असं आहे. दोन्ही खुंट्या निसटल्या. २०२४ च्या फेब्रुवारीपासून जीमेल आणि याहू यांनी या तपासण्या कडक केल्या होत्या, म्हणून यातलं गांभीर्य मला आधी कळायला हवं होतं.

उपाय क्रमाचा होता. ५८७ च्या दारात सही करणं बंद केलं. स्क्रिप्ट मेल परत रांगेत टाकते तेव्हा, स्थानिक मेलसाठी असलेल्या वेगळ्या मिल्टर (मेल-फिल्टर) सेटिंगमधून, सही होते. आधी तळटीप, मग मोहोर. सहीत "पहिल्या इतक्याच बाइटांची खात्री देतो" असं लिहायची सोय डीकेआयएममध्ये आहे, आणि मला ती वापरण्याचा मोह झालाही. पण मग आमच्या सहीच्या पत्राखाली कुणीही काहीही जोडू शकतो. डीकेआयएमचं २०११ चं मानकच या धोक्याबद्दल बजावतं. मी त्या वाटेला गेले नाही.

हे एवढ्यावर थांबलं नाही. साहेबांची सहीही मोडली. साहेब निविदेची महत्त्वाची मेलं स्वतःच्या डिजिटल प्रमाणपत्रानं सही करून पाठवतात. ही सही सर्व्हरची नव्हे, माणसाची. एका कार्यालयातून उत्तर आलं, की पत्रातला मजकूर सहीनंतर बदललेला दिसतो, कृपया पुन्हा पाठवा. ते वाचून माझ्या पोटात गोळा आला. साहेब रागावले नाहीत, एवढंच म्हणाले, "मी लिहिलेल्या कागदावर माझ्या सहीनंतर कुणी लिहू नये." यापेक्षा नेमकं मला कुणी सांगितलं नसतं. आता सही केलेलं किंवा कूटबद्ध मेल दिसलं की स्क्रिप्ट त्याला न उघडता, जसंच्या तसं पुढे करते. साहेबांनी त्या चार ओळी आपल्या मेलच्या सहीत स्वतः टाकून घेतल्या.

त्याच रात्री मी आणखी एक गोष्ट बदलली. स्क्रिप्ट मध्येच अडखळली तर पोस्टफिक्स ते अपयश समजून मेल लिहिणाऱ्याकडे परत पाठवतं. स्क्रिप्टनं ७५ हा आकडा परत दिला तर मेल रांगेत थांबतं आणि काही वेळानं पुन्हा प्रयत्न होतो. मी ठरवलं, की मेल उलगडताना काहीही चुकलं, तर मूळ बाइट आले तसेच पुढे जातील आणि लॉगमध्ये एक ओळ पडेल. ७५ फक्त तेव्हा, जेव्हा डिस्कवर लिहिताच येत नाही. आमच्या यंत्राचं पाणी पिणाऱ्या गावातून तक्रार आली आणि तिचं उत्तर तळटिपेपायी अडकलं, हे मला कधीच चाललं नसतं. सीआयएन एखाद्या पत्रावर राहिला तर मॅडमना मी तोंड देईन.

मजकुरावरून मात्र मॅडमशी चांगलीच चर्चा झाली. वकिलांकडून आलेला मसुदा १९० शब्दांचा इंग्रजी परिच्छेद होता: हे पत्र गोपनीय आहे, आपण योग्य व्यक्ती नसाल तर वाचू नका, वाचल्यास असं, छापल्यास तसं. माझं म्हणणं होतं, की हे सगळं पत्र वाचून झाल्यावर तळाशी येतं. चुकीच्या माणसानं तोवर वाचलेलं असतं. आणि ज्यानं काही कबूलच केलेलं नाही, त्याला आपण तळटिपेतून कसं बांधणार? शिवाय आमची निम्मी पत्रं ग्रामसेवकांना जातात. दोन ओळींच्या निरोपाखाली इंग्रजी कायद्याचा धोंडा पाहून त्यांना काय वाटेल? मॅडमनी थोडा विचार केला आणि म्हणाल्या, "कायद्यानं जे लागतं ते ठेवा. बाकीचं विनंती म्हणून एका ओळीत लिहा." मग कंपनीचं नाव नि सीआयएन, पत्ता, फोन-ईमेल-वेबसाइट, आणि चौथी ओळ: "हे पत्र चुकून आपल्याकडे आले असल्यास कृपया आम्हाला कळवावे व काढून टाकावे." ही चौथी ओळ लागल्यापासून दोनदा लोकांनी खरोखर कळवलंय.

उत्तर-प्रत्युत्तरांचं काय करायचं, यावर माझं अजूनही पूर्ण समाधान नाही. पत्रव्यवहार लांबला की जुन्या मजकुराच्या तळाशी तळटिपांच्या चळती साचतात. हेडरमध्ये खूण ठेवून उपयोग नाही, उत्तर देताना हेडर मागेच राहतं. शेवटी सीआयएनचा २१ अक्षरांचा क्रमांक हीच खूण धरली: तो मजकुरात आधीच असेल तर नवी तळटीप लावायची नाही. क्रमांक जुन्या मजकुरात खाली आहे, नव्या उत्तराखाली नाही, हे मला दिसतं. पण नवं कुठे संपतं नि जुनं कुठे सुरू होतं हे प्रत्येक मेल प्रोग्रॅम वेगळ्या तऱ्हेनं दाखवतो, आणि अंदाजानं कुणाच्या पत्राच्या मधोमध काही घुसवायला माझा हात धजत नाही. मॅडमना दोन-तीन लांब पत्रव्यवहार छापून दाखवले. त्यांनी चालेल म्हटलं.

ऑक्टोबरात त्यांनी पुन्हा प्रती मागितल्या. यावेळी लाल गोल एकाच कागदावर होता: बिलाचं मेल. ते लेखा विभागाच्या सॉफ्टवेअरमधून रात्री आपोआप जातं, पासवर्ड न देता, पोर्ट २५ वरून, म्हणून फिल्टरला ते दिसतच नव्हतं. तिथेही फिल्टर लावता आला असता. पण ते मेल माणूस लिहीत नाही, त्याचा नमुना ठरलेला असतो. लेखा विभागातल्या ताईंना घेऊन बसले, आणि वीस मिनिटांत त्या चार ओळी नमुन्यातच टाइप केल्या.